तलावातल्या उल्का

जऊळका,
डिसेंबर १९७७

प्रिय वच्छला,

सप्रेम जयभीम. कारंज्याला थंडी कशी आहे? शाळेतल्या पोरी अजून तुझ्याभोवती घोळका करतात का? इथे पहाटे गस्तीला निघालो की रुळांवर इतकं दव असतं, की माझ्या हातातल्या कंदिलाची काच पुसून पुसून थकायला होतं. देवमनच्या मायचे गुडघे दुखतात, पण ती ऐकत नाही. तुरीच्या शेंगा सोलत अंगणात बसलेली असते. तुझं नाव निघालं, की शेंग हातातच राहते.

सोबत एक फोटो पाठवतो आहे. नीट आलेला नाही. पण तो मी काढला आहे, म्हणून आधी त्याची हकीकत सांगतो.

देवमन बी.एस्सी.ला होता, तेव्हा अकोल्याहून कुणाचा तरी जुना कॅमेरा विकत घेऊन आला. डिसेंबरात एका रात्री पुष्कळ उल्का पडतात, म्हणाला, आणि त्यांचा फोटो पाण्यासकट घ्यायचा. दुष्काळात त्याच्या मायनं ज्या तलावावर माती वाहिली, त्याच्याच काठी आम्ही तिघं जाऊन बसलो. तारा तुटला की माय हात जोडायची, कुणीतरी गेलं म्हणायची. तो हसायचा. "माय, तो तारा नोहे. धूळ हाय धूळ, मिठाच्या खड्यायेवढी. कोणी मरत नाही त्यानं." त्या रात्री भिंगावर दव बसलं आणि सगळा रोल पांढरा निघाला. रुसला नाही. म्हणाला, "बाबा, आता दोन वर्सं त्या रात्री चांदणं राहीन. सत्त्याहत्तरले अंधार हाय. तवा घेऊ."

मग तुमचं साक्षगंध झालं, लग्न ठरलं. त्या दिवशी त्यानं तुझे इतके फोटो काढले, की शेवटी तुझ्या बाबांनी, दौलतरावांनी, कॅमेरा काढून घेतला आणि त्यालाच तुझ्या शेजारी बसवलं. आणि त्याच पावसाळ्यात कावीळ आली. पुढचं तुला मी काय सांगावं? दवाखान्यात त्याच्या उशाशी तू होतीस. शेवटचं पाणी तुझ्याच हातचं प्याला.

या डिसेंबरात माय एकदम म्हणाली, "अंधाराचं वरीस आलं ना हो. पोरानं सांगून ठेवलं होतं. कॅमेरा पेटीतच सडू द्याले का?" मी वाशिमला रतनसिंग फोटोवाल्याकडे गेलो. त्यानं रोल कसा भरायचा, झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, दव कसं पुसायचं, सगळं दाखवलं. मी सारखा विसरत होतो. तो सारखा सांगत होता.

आम्ही दोघं त्याच तलावावर गेलो. घोंगडी एकच आणली होती, ती मी मायच्या अंगावर घातली. वारा नव्हता. पाणी इतकं निवांत, की वरचं आकाश कुठलं आणि खालचं कुठलं कळेना. उल्का पडू लागल्या. मायनं या वेळी हात जोडले नाहीत. नुसती बघत होती. मग एक मोठी आली, हिरवट, वरून आणि खालून एकदमच, आणि तलावाच्या मधोमध विझली. "देवा!" म्हणून तिनं माझा हात घट्ट धरला. देवाला नाही, वच्छला, तो लहान असताना ती देवमनलाच 'देवा' म्हणायची. तो हात कॅमेऱ्यावर होता, कॅमेरा हलला. म्हणून फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांना वाकड्या शेपट्या आल्या आहेत. पण ती रेघ आली आहे बघ, वर एक आणि पाण्यात एक.

आम्ही तिथे दोघंही खूप रडलो. दवाखान्यात रडायला जमलं नव्हतं.

आता पत्राचं खरं कारण लिहितो. गेल्या आठवड्यात दौलतराव अनसिंगहून आले होते. चहा निवून गेला तरी इकडचं तिकडचंच बोलत होते. शेवटी मायनंच विचारलं, तेव्हा कळलं, की पुसदच्या एका मास्तराचं स्थळ तुला दोनदा येऊन गेलं आणि दोन्हीदा तू म्हणालीस, 'मामाजी आणि माय एकटे पडतील.' सासऱ्याला म्हणतात तसं तू मला अजून मामाजीच म्हणतेस. तुझे बाबा आम्हाला सांगायला नाही, आमची परवानगी मागायला आले होते. मला मान वर करता आली नाही. पोरी, तू आमच्या घरात माप ओलांडून आली नाहीस, तरी सून म्हणून जेवढं करायचं तेवढं सगळं केलंस. आता आमच्या दुःखाची राखण करत बसू नकोस. हे मी लिहितो आहे, पण मायनं शेजारी बसून लिहून घेतलं आहे. तुझ्यासाठी घेतलेलं लग्नाचं पातळ ती उद्या पार्सलनं पाठवते आहे. म्हणते, "तिचंच हाय ते. नेसली त नेसली, नाही त असू दे तिच्याजवळ." त्या मास्तराला हो म्हण. विहारात लग्न लागेल तेव्हा आम्हाला बोलाव. आम्ही येऊ, आणि दौलतरावांच्या बाजूला, मुलीकडच्या माणसांत बसू.

तुझाच,
ग्यानबा बाबा