आबांच्या बंगल्याला लावलेली फळी

जळगाव, शनिवार

तीर्थरूप प्रेमराजनाना,

नवलचा नमस्कार. पुण्यात तुमची साखर आणि काकूंचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे माझी मोठी हानी झाली आहे. आबांच्या बंगल्याच्या अधांतरी पायऱ्यांच्या फटीतून माझी डावी चप्पल खालच्या हौदात पडली. (पायऱ्या हवेत तरंगतात म्हणून आर्किटेक्चर कॉलेजची पोरं दर रविवारी हे काँक्रीटचं घर बघायला येतात. चप्पल काही तरंगली नाही.)

याला कारण तुमच्या भगिनी. गेल्या रविवारी कोकिळाअक्का पारोळ्याहून चाकाच्या खुर्चीत आल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून एकच ध्यास, बापाचं घर पुन्हा आतून बघायचं. आणि घर माझ्यावर सोपवताना तुमचा हुकूम असा की मूळ रचनेत खिळाही ठोकायचा नाही. मी सुचवलं, स्वयंपाकघराचं मागचं दार सपाट आहे, तिकडून नेतो. अक्कांनी खुर्चीचा ब्रेकच लावला. "मना बापना घरमा मी मांगला दारथीन जाऊ? मी काय चोर शे?" माहेरवाशिणीपुढे कोणाचं चालतं? खुर्ची उचलायला गेलो, चप्पल गेली. अक्का म्हणाल्या, "पयले तू सावर, मंग माले उचल."

शेवटी शेजारच्या भाईदासकडून केळीचा ट्रक भरायची फळी आणून पायऱ्यांवर टाकली. आमच्या सौ. ज्योत्स्नाने भाकरतुकडा ओवाळला आणि अक्का डोक्यावर पदर घेऊन पुढच्या दाराने आत गेल्या. आबा बसायचे त्या खिडकीपाशी खुर्ची लावून घेतली. मग वर बघून, कोळ्याची जाळी कोण काढणार, म्हणून मला झापलं.

तेवढ्यात नाशिकची पोरं आली. त्यांनी फळीचं चित्र काढलं, आणि त्यांच्या सरांनी सांगितलं की या एका तिरप्या रेषेवर सगळी दर्शनी बाजू पेलली आहे. मी मान डोलावली. भाईदासने आणखी एक फळी देऊ का, विचारलं.

आपला,
नवल

ता. क. मुद्दा एवढाच की पायऱ्यांच्या कडेने कायमचा उतार करू द्यावा. गेल्या दिवाळीत तुम्हीही दर पायरीवर थांबून "हा कोन बघ, नवल" म्हणत होतात. कोन पाहिले मी. गुडघ्यावरचा तुमचा हातही पाहिला.

पुन्हा ता. क. नकार कळवायची घाई करू नका. सिमेंट काल सुकलं. भाईदासची फळी मधे जरा उकलली होती, तिला खालून पट्टी मारली, धुतली आणि आज सकाळी त्याच्या ट्रकला टेकवून आलो.