टेकडीला एक ड्रिल (फक्त बॉडी, बॅटरीविना) मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शेती व सामायिक अवजारे विभाग,
ब्रेझनी व्रह नगरपालिका.

विषय : द्राक्षमळ्यातील पाखरे उडवणाऱ्या वाऱ्याच्या खडखड्याला, म्हणजे क्लोपोतेत्सला, १५ ऑगस्टपूर्वी आवाज यावा म्हणून एक लहान ड्रिल मिळणे, तसेच आमच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या कथित गैरवापराबाबत खुलासा.

संदर्भ : आपले दि. २८ जुलैचे पत्र, ‘अवजार सकाळपासून संध्याकाळपर्यंत विनाकारण चालवले जात असल्याबाबत’.

महोदय,

१. आपल्या पत्रातला ‘विनाकारण’ हा शब्द सोडला तर बाकी सर्व मजकूर खरा आहे, हे प्रथमच नम्रपणे मान्य करते. आता कारण सांगते.

२. आपल्या योजनेत प्रत्येक टेकडीला बॅटरीवर चालणारे एक अवजार मिळणार होते. अर्जावर दोन चौकोन होते, ड्रिल आणि स्क्रू आवळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘एकावरच खूण करावी’. आमच्या टेकडीवर सात घरे. तीन बैठका झाल्या, दोन पिंप वाइन संपली. शेवटी माझे यजमान फ्रिदल कोलेदनिक म्हणाले, “ड्रिल म्हणजे ड्रिल, सगळ्यांना कळतं. तो दुसरा नावावरूनच भांडखोर वाटतो.” या शास्त्रीय आधारावर ड्रिलवर खूण करण्यात आली.

३. मे महिन्यात मळ्याच्या अकेशियाच्या खांबांना बारा सेंटिमीटरचे स्क्रू मारायला घेतले. अकेशिया म्हणजे लाकडाच्या वेषातले लोखंड. अर्ध्या वाटेवर स्क्रू अडकला. स्क्रू फिरेना म्हणून ड्रिल फिरले, आणि ड्रिल फिरले म्हणून यजमान फिरले. सरकारी वस्तू खाली पडू नये या सद्‌हेतूने त्यांनी ती सोडली नाही, आणि बटणावरचे बोटही सोडले नाही. शिडीवरून ते थेट मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या पिंपात उतरले. ड्रिल कोरडे राहिले, याची कृपया नोंद घ्यावी. यजमान कमरेपर्यंत निळे झाले ते जूनच्या मध्यापर्यंत. समोरच्या टेकडीवरून रोज हाक यायची, “तिलकावहिनी, नवऱ्याला यंदा कीड नाही ना लागली?”

४. त्यानंतर आपण उदार मनाने ड्रिल परत घेऊन इम्पॅक्ट ड्रायव्हर दिलात. त्याचे उपकार विसरणार नाही. मोठे स्क्रू तो लोण्यासारखे घालतो, हाताला हिसका नाही, मनगट जागच्या जागी. एका बॅटरीत चाळीस खांब झाले. खांब संपले, पण हौस संपेना. कोंबड्यांचे खुराडे आवळले, बाक आवळला, तळघराची फडताळे आवळली. आमच्या घरचा चर्चमध्ये नेण्याचे स्टूलसुद्धा चुकून पडवीच्या फळीला पक्के झाले. माझ्या वहीप्रमाणे तीन आठवड्यांत चौदाशे स्क्रू लागले, त्यांपैकी गरजेचे तीनशे दहा.

५. या आवळण्याच्या तापातच ती चूक झाली. ती लपवत नाही.

६. कोनराडकाका वोग्रिन्च, वय एक्याऐंशी, यांनी यंदा नवा क्लोपोतेत्स बनवला. पंखे पाइनचे, सहा हातोड्या बीचच्या, आणि ज्यावर त्या पडतात ती फळी जुन्या चेरीची. ही फळी तारेवर सैल टांगायची असते, तेव्हाच ती बोलते. हे टेकडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण काका दुपारचे झोपले असताना यजमानांना ती सैल दिसली. “म्हातारं झालंय बिचारं, विसरलं असेल,” असे म्हणून त्यांनी चार लांब स्क्रूंनी ती खालच्या तुळईला ठोकून आवळली. इम्पॅक्ट ड्रायव्हरला पुरे म्हणजे काय हे कळत नाही. यजमानांनाही कळत नाही. फळीला मागून तडा गेला.

७. पंचवीस जुलैला, संत याकोबाच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे सगळी टेकडी जमली. मी चार ताटे थरांची गोड गिबानित्सा भाजली होती. नऊ मीटरचा खांब उभा राहिला. वारा आला, पंखे फिरले, हातोड्या पडल्या, आणि आवाज आला तो ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा. थप. थप. समोरच्या टेकडीने टाळ्या वाजवल्या. काका वर बघून एवढेच म्हणाले, “अरे फ्रिदल, हे गाणं नाही रे. ही जुलाबाची हाक आहे.”

८. मुका क्लोपोतेत्स द्राक्षांवर टपलेल्या भोरड्यांना लगेच कळतो. दुसऱ्या सकाळी चारेकशे उतरल्या. तेव्हा यजमानांच्याच लक्षात आले की इम्पॅक्ट ड्रायव्हरचा कडकडाट ऐकून त्या उडतात. म्हणून सात घरांनी पाळ्या लावल्या. मळ्याच्या मध्यावर ओकचा ओंडका ठेवला. त्यात एक स्क्रू घालायचा, उलटा फिरवून काढायचा, पुन्हा घालायचा. आपण याला गैरवापर म्हणता. योजनेच्या नियमावलीत ‘स्क्रू बसवणे व काढणे’ हा मान्य वापर आहे. तोच स्क्रू दुसऱ्यांदा बसवू नये असे कोठेही लिहिलेले नाही. तरीही कळवते की पाळ्या परवा बंद झाल्या. तिसऱ्या दिवसापासून भोरड्या सरावल्या होत्या, आणि परवा एक तर ओंडक्यावरच येऊन बसली आणि यजमानांचे काम पाहू लागली.

९. काकांनी दुसरी चेरीची फळी रंधून तयार ठेवली आहे. तिला तार ओवायला दोनच भोके हवीत, आठ मिलिमीटरची, हळू, सरळ, कड न फोडता. इम्पॅक्ट ड्रायव्हरने आम्ही टाकाऊ तुकड्यांवर प्रयोग केला. तीन तुकडे, तिन्ही फुटले. तो आतून ठोके देत चालतो. इथे ठोका नको, सबुरी हवी, आणि वेग ताब्यात हवा. ज्याला हे दोन्ही साधते ते ड्रिल, आणि ते आपण परत नेलेत. आम्हीच नेऊ दिलेत.

१०. (अर्ज सूचनाफलकावर लावताना हा व पुढचे दोन परिच्छेद कागदाने झाकावेत, ही कळकळीची विनंती.) आपण विचाराल, काकांकडे गिरमिट आहे, साठ वर्षे त्याच गिरमिटाने भोके पाडली, मग आताच काय झाले? आम्हीही विचारले. त्यांनी गिरमिट पेटीत घालून कुलूप लावले. “यंत्र आणलंत ना? मग यंत्राकडूनच गाऊन घ्या.” आम्हाला वाटले, रुसले. परवा मी प्तुयच्या हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या आणायला गेले, तर दुकानदार हसत म्हणाला, “तुमचे कोनराडकाका तिसऱ्यांदा येऊन गेले. सगळी ड्रिलं हातात धरून बघतात. म्हणतात, सुनेसाठी बघतोय.” महोदय, काकांनी लग्नच केलेले नाही. मी परतताना त्यांच्या अंगणात गेले. त्यांच्या पुढ्यात बशी होती, ती त्यांना उजव्या हाताने उचलता येईना. मी पाहिले हे त्यांनी पाहिले. म्हणाले, “मनगट फिरत नाही गं, तिलका. गिरमिट अर्ध्यात अडकतं. कुणाला सांगितलंस तर तुझ्या वाइनला मी व्हिनेगर म्हणेन.” मग दहा मिनिटे त्यांनी मला ड्रिलवर व्याख्यान दिले. आयुष्यात ते माझ्याशी एवढे कधी बोलले नव्हते.

११. त्यांच्याच निवडीप्रमाणे मागणी अशी : वजन बॅटरीसह एक किलोच्या आत, म्हणजे मनगटाला झेपेल. तोंड आखूड. वेग दोन, त्यांतला पहिला खरोखर हळू. आवळण्यासाठी क्लच, कमीत कमी पंधरा पायऱ्यांचा, म्हणजे यजमानांच्या हाती पडले तरी ते स्वतःहून थांबेल. हातोडीची सोय नको, दगडात भोके पाडायची नाहीत. मुख्य म्हणजे बॅटरी आणि चार्जर नको. आमच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या जातीचेच ड्रिल दिलेत तर तीच बॅटरी दोघांना चालते. नुसत्या बॉडीला निम्म्याहून कमी पडते, हे मी दुकानातून विचारून आले आहे. दोन चौकोनांपैकी एकावरच खूण, हा नियम कायम ठेवायचा असेल तर दुसऱ्या चौकोनाची खूण अर्धीच समजावी.

१२. ड्रिल टेकडीच्या नावे यावे. कोणी विचारले तर ते माझ्या खुराड्यासाठी आहे. ते काकांच्या दारात ठेवून मी बिजागऱ्या घरी विसरल्याचे निमित्त करून निघून येईन. भोके त्यांनीच पाडायची. दुसऱ्या कोणी पाडली तर तो क्लोपोतेत्स कोणाचाही असेल, कोनराड वोग्रिन्च यांचा नसेल. माता मारियाच्या सणापर्यंत, म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत जो वाजला नाही, तो त्या वर्षी वाजत नाही. आणि पुढच्या वर्षाबद्दल एक्याऐंशीच्या माणसाला काय विचारायचे?

१३. ड्रिल मिळाल्याची लेखी पोच आम्ही पाठवणार नाही. सणाच्या सकाळी कार्यालयाची टेकडीकडची खिडकी तेवढी उघडी ठेवावी.

उत्तराच्या आणि वाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

ओतीलिया (तिलका) कोलेदनिक
(सात घरांच्या अवजार-कपाटाची किल्लीदार)

दि. ३१ जुलै

सोबत :
अ) चेरीचे फुटके तुकडे, नग तीन
ब) सात घरांच्या सह्या (परिच्छेद १० ते १२ झाकून घेतलेल्या; यजमानांची सही डाव्या हाताची, उजवा हात लचकला आहे, विचारू नये)
क) गिबानित्सा, एक ताट, ही लाच समजू नये, गरम असतानाच खावी