बांधाआडचं पाणी

अण्णा,

तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसला आहात, पुढ्यात आईची पितळी परात आहे आणि तिच्यात तुम्ही माशांचं पीठ मळताय. आई चुलीपाशी उभी राहून म्हणतेय, "पोळ्यांच्या परातीत माशाचा चारा! उद्या माशांनाच बोलवा जेवायला." तुम्ही मान वर न करता म्हणता, "बोलावतोच आहे की. येत न्हाईत, म्हणून तर एवढं मळायचं." मी उंबऱ्यावर बसून हसतेय. मी शाळेच्या सुट्टीत पुण्याहून आले आहे, माझ्या पायात अजून कॉन्व्हेंटचे पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत आणि घरभर भाजलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आहे. त्या दिवशी काही विशेष घडलं नाही. तरी तुमची आठवण काढायची म्हटली की मी तिथूनच सुरू करते.

आपल्या पिठाच्या गिरणीत दिवसभरात जात्याभोवती जे मिसळ पीठ साठायचं, गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा सगळ्याचं, ते तुम्ही चाळून ठेवायचात. त्यात पेंड, थोडा गूळ, आणि पीठ गळावर टिकावं म्हणून कापसाचे चार तंतू. उन्हाळ्यात घट्ट मळायचं, कारण कोमट पाण्यात ते लवकर सुटतं आणि बारकी मासळी टोचून टोचून संपवते. थंडीत सैल, कारण गार पाण्यात ते दगड होतं आणि सुस्तावलेला मासा दगडाला तोंड लावत नाही. पावसाळ्यात पीठ मळायचंच नाही. लाल गढूळ पाण्यात ते दिसत नाही, आणि ओढ्यांच्या तोंडाशी मासा वाहून आलेली गांडुळं खायला आलेला असतो, त्याला तेच द्यायचं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं असं समजू नका. मी नुसती ऐकत होते. हाताला कळायला माझी नोकरी संपावी लागली, पुण्याचं घर लेकीकडे सोपवून जुन्नरला परत यावं लागलं.

तुमची गळाची काठी चाचांकडे होती. तुमच्या गिरणीसमोर बसून पत्र्याच्या कोठ्या आणि डबे करणारे, तुमच्या दोरीला शिशाची वजनं ओतून देणारे, माणिकडोह धरणाच्या काठावर तुमच्या शेजारी बसून तुमच्यापेक्षा जास्त बोलणारे चाचा. तुम्ही गेलात त्या वर्षी मी काठी मागायला गेले, तर ते म्हणाले, "काठी अशी न्हाई मिळायची बेटी. तुज्या हातानं मळलेल्या चाऱ्यावर मोकळ्या पाण्यातला एक रोहू आन, आन् घेऊन जा. तवर माज्या खुंटीला ऱ्हाऊ दे." मी तेव्हा हसून पुण्याला निघून गेले. काठी खुंटीलाच राहिली.

गेल्या पावसाळ्यापासून मी साध्या बाजारच्या काठीनं बसायला लागले. गांडुळांवर मला शिंगाळे मिळाले, एकदा सापासारखी लांब वाम मिळाली, तिला हात लावायला मी घाबरले. दिवाळीनंतर पाणी नितळलं, मासा खोल गेला. माघात दुपारचं ऊन पडल्यावर तेवढा दोरीवर तरंगणारा भेंडाचा तुकडा एखाददोनदा हलायचा. चाचांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, गुडघे धरलेत, धरणावर येणं होत नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यापुढून गेले की हाक यायची, "घावला का?" मी म्हणायचे, नाही चाचा. "मळायला चुकतीस तू. लई इंग्रजी शिकलीस ना, पीठबी इंग्रजी झालं तुजं." सून आतून हसायची. मलाही हसू यायचं. पण चैत्रात ते अंथरुणाला लागले आणि हाक बारीक झाली, तेव्हा मला हसू येईना. त्यांच्या हातून ती काठी घ्यायची होती, त्यांच्यामागे त्यांच्या घरच्यांकडून नाही.

वैशाखात धरण किती खाली जातं ते तुम्हाला सांगायला नको. बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडतात आणि मोठं पाणी मागे सरकताना बांधाआड थोडं थोडं अडकून राहतं, मासळीसकट. तुम्ही आणि चाचा दर वर्षी पत्र्याचे डबे घेऊन जायचात आणि तो मासा ओंजळीनं, फडक्यानं धरून मोठ्या पाण्यात सोडून यायचात. एका सुट्टीत मीही डबा धरला होता. बूट चिखलात रुतले आणि मी म्हणाले, "इतके मासे इथेच आहेत, तर इथेच गळ टाका ना, अण्णा." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी शिवी दिली होती. "ज्याला पळायला जागा न्हाई, त्याला गळ न्हाई," म्हणालात.

या वैशाखात मी तिथेच गळ टाकला, अण्णा.

मी डबे घेऊन गेले नव्हते. एक बादली होती, तीही मासा न्यायला. मोठ्या पाण्यावर सकाळभर बसून काही लागलं नव्हतं. परतताना बांधाआड पाहिलं तर घोटाभर पाण्यात रोहूंच्या पाठी वर दिसत होत्या. मी पीठ लावलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे घट्ट मळलेलं, पेंडीचं. ते तळाशी जाईपर्यंतही थांबावं लागलं नाही. आणि ओढ अशी नव्हतीच. पळायला त्याला जागा कुठे होती?

चाचांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून बोटांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. "कुठं घावला?"

"मोठ्या पाण्यात. पलीकडच्या घळीपाशी," मी म्हणाले.

"चारा?"

"अण्णांचा."

ते रडले. मग सुनेला काठी काढायला लावली, स्वतःच्या हातानं पुसून माझ्या हातात दिली आणि येईल त्याला सांगत राहिले, "पोरीला बापाचा हात हाय. मोकळ्या पाण्यातला आनलाय तिनं, मोकळ्या!" त्या कौतुकात मी दोन दिवस अडकून पडले. लोक येत होते, चहा होत होता. तिसऱ्या दिवशी डबे घेऊन धावले, तेव्हा बांधाआड भेगाळू लागलेला चिखल होता आणि त्यावर बगळे चालत होते. मी एक मासा बादलीत घालून नेला, त्याच बादलीनं बाकीचे नेता आले असते. खोटं बोलल्यापेक्षा मला त्याची लाज जास्त वाटते, आणि खोटं बोलल्याचीही वाटतेच.

शाळेत माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी शनिवारी चर्चमध्ये जाळीआडच्या पाद्र्याला आपल्या चुकांची कबुली द्यायला जायच्या आणि आम्ही बाकीच्या व्हरांड्यात विणकाम घेऊन बसायचो. त्या हलक्या चेहऱ्यानं बाहेर यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. आता कळतं की जाळीपलीकडचा माणूस फसवलेला माणूस नसतो, म्हणून जमत असेल. तुम्हाला लिहिणंही तसंच सोपं आहे. ज्यांना सांगायचं ते दोन गल्ल्या पलीकडे आहेत, पाऊस लागल्यापासून जरा बरे आहेत आणि उशीला टेकून माझी वाट बघतात. काठी मिळाल्यापासून मी तिनं एकदाही मासा धरलेला नाही. ते विचारतात, मी म्हणते, पाणी अजून फार गढूळ आहे, चाचा.

म्हणून इथे लिहून ठेवते, कुणाला काय द्यायचं ते. परात माझ्या लेकीला, आणि आईचं वाक्य तिला सांगायचं. शिशाची वजनं चाचांच्या घरची, ती तिथेच जावीत. चाऱ्याचा डबा त्यांच्या सुनेला, तिनं पीठ ठेवायला मागितलाच होता. पत्र्याचे मोठे डबे त्यांच्या नातीला, ती धट्टीकट्टी आहे, वैशाखात बांधाआड बघून यायला तिला सांगावं. काठी चाचांना, आणि ती माझ्यामागे नाही, आम्ही दोघं जिवंत असताना, मी स्वतः नेऊन द्यायची, कुठल्या पाण्यातला मासा होता ते सांगून.

आज सकाळी न्यायची म्हणून मी ती खाली काढली. मुठीवरची दोरी सैल झाली होती, ती नव्यानं गुंडाळली, जवसाचं तेल लावलं, आणि परत माझ्याच खुंटीला अडकवली.