वापरातल्या वस्तू

४ मार्च

आलो एकदाचे! आमचं सामान बघून टेम्पोवाल्याने विचारलं, एवढंच का? दोन बॅगा, भांड्यांचं एक खोकं, हिच्या कुंड्या आणि माझे पांढरे स्पोर्ट्स शूज. बेकरीने पाव पोचवायची गाडी विकून टाकली, गाडीबरोबर ड्रायव्हरही, म्हणजे मीही, मोकळा झालो, भाडं थकायच्या आत घर सोडलं. तेव्हा हिच्या आईवडिलांनी आमच्याकडेच या म्हणून सांगितलं. म्हणजे आजपासून अस्मादिक घरजावई. निरोप देताना मित्रांनी जे टोमणे मारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

घर मात्र झकास. वर तीन खोल्या, खाली दुकान, मधे एका वेळी एकच माणूस मावेल असा जिना. दुकान धार लावायचं आहे. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, घरोघरच्या सुऱ्या. खिडकीशी पायाने फिरवायचं दगडी चाक आहे. सासरेबुवा त्यावर पातं टेकवतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण बघत राहावंसं वाटतं. सासूबाईंनी दारातच माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. चपला काढा असं सुचवत असतील म्हणून मी लगेच काढल्या.

घरातली बहुतेक प्रत्येक वस्तू थोरल्यांची आहे. थोरले म्हणजे सासूबाईंचे वडील, या दुकानाचे मूळ मालक. त्या लहान असतानाच ते गेले. इतर लोक अशा वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात. इथे तसं नाही. पडून राहिलेली वस्तू मरते, आमच्याकडे सगळं वापरात असतं, असं सासूबाई म्हणाल्या. थोरल्यांच्या कपातून सासरेबुवा चहा पितात, थोरल्यांच्या खुर्चीत बसतात, अंगात थोरल्यांचा चामड्याचा ॲप्रन, डोळ्यांना थोरल्यांचा चष्मा. कवळीसुद्धा थोरल्यांचीच आहे असं ही म्हणाली तेव्हा चहा माझ्या नाकात गेला. मी हसतोय म्हटल्यावर सासरेबुवांनी ती काढून दाखवली. घरात विनोदाला तोटा नाही!

९ मार्च

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या घरात तर त्याची शांत करायची पद्धतही ठरलेली दिसते. काल सासरेबुवांनी आपला कप माझ्यापुढे सरकवला, आजपासून तुम्ही घ्या म्हणाले. आज ॲप्रन. मी नको नको म्हणत होतो, पण सासूबाईंचा चेहरा एवढा पडला की घातला. भीड भिकेची बहीण. ॲप्रन जड आहे, आतून मऊ, आणि तो घातला की जरा वाकूनच उभं राहावं लागतं.

१५ मार्च

आज थोरल्यांचे जोडे मिळाले. तपकिरी चामड्याचे, किती वेळा तळ बदललेत देव जाणे. मला घट्ट होतील हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अंगठा दुमडून कसेबसे घातले. सैल करून आणू का म्हणून विचारलं तर सासूबाईंनी मी काही अभद्र बोललो असल्यासारखं पाहिलं. वस्तू माणसासाठी बदलायची नाही, माणूस वस्तूत बसतो, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

सासरेबुवांनी माझे स्पोर्ट्स शूज मागून घेतले. लहान मुलासारखे ते घालून कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन आले. ही इतकी हसली की जिन्यावरच बसली. मीही हसलो, पण पाय ठणकत होते.

२१ मार्च

आनंदाची बातमी! मला धार लावता येते. परवापर्यंत सुरी चाकावर धरली की नुसती खरवडायची. मी डावखुरा, आणि इथली सगळी मांडणी उजव्या हाताची. आज सासरेबुवा फिरायला गेले होते (हल्ली सारखे जातात), तेवढ्यात एक म्हातारा शिंपी कात्री घेऊन आला. बसा म्हटलं आणि बसलो चाकावर. कात्री आपोआप उजव्या हातात आली, मनगट आपोआप वळलं. शिंप्याने कापडाची चिंधी कापून पाहिली आणि मग कात्रीऐवजी माझ्याकडेच बघत राहिला. लहानपणी बापाबरोबर या दुकानात यायचो, तेव्हा अशी धार मिळायची, असं काहीतरी पुटपुटला.

ताईला फोन करून फुशारकी मारली. ती म्हणाली, तुला साधी पेन्सिल तासता येत नव्हती. लहानपणी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे माझी सगळी अंडीपिल्ली तिला ठाऊक.

२८ मार्च

काही गोष्टी नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

जोडे आता अगदी बरोबर बसतात. सकाळी माझ्या जुन्या चपला घालून पाहिल्या, तर पुढे रिकामी जागा राहते. चामडं सैल होतं हे मला कळतं. पाय लहान झालेला मी ऐकलेला नाही.

दुसरं म्हणजे चष्मा. सासरेबुवांनी सोमवारी दिला. माझी नजर उत्तम, गाडीच्या लायसन्ससाठी तपासलेली. गंमत म्हणून लावला. सासूबाई समोर बटाटे सोलत होत्या, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिथे दोन वेण्यांची एक लहान मुलगी बसलेली दिसली. घाबरून मान वळवली तर दारात एक परकी तरुण बाई उभी होती. ही कोण, असं मला खरोखर वाटलं. ती माझी बायको होती. चष्मा ओढून काढला तर सगळं धुरकट. तेव्हापासून त्याच्याशिवाय दिसत नाही.

हिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कुंडीतली माती उकरत राहिली.

२ एप्रिल

सासरेबुवांना बागेत गाठलं. बाकावर बसून शीळ घालत होते. तोंडात कवळी नाही, अंगावर माझा जुना टीशर्ट, आणि चेहरा असा उजळलेला की मला त्यांचा रागच आला. हे काय चाललंय, असं सरळ विचारलं.

बोळक्या तोंडाने, अडखळत, पण त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. तेही या घरात जावई म्हणूनच आले. त्याआधी बोटीवर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सासूबाईंनी त्यांनाही आधी कप दिला, मग ॲप्रन. मग त्यांचे दात पडले, मग कवळी. तिथून पुढची सगळी वर्षं त्यांना एखाद्या बंद खोलीतून दुसऱ्या कोणाचं बोलणं ऐकावं तशी आठवतात. सासूबाईंना नवरा कधी नकोच होता, वडील हवे होते. सात वर्षांच्या असताना वडील एकाएकी गेले आणि सासूबाईंनी एकही वस्तू कोणाला घराबाहेर नेऊ दिली नाही. आता एकेक वस्तू अंगावरून उतरतेय तसं सासरेबुवांना स्वतःचं आयुष्य परत मिळतंय. काल आईचा आवाज आठवला, असं सांगताना ते हुंदके देऊन रडले.

मी त्यांची कॉलर धरली. माझ्या जिवावर हे सुख कशाला, म्हणून ओरडलो. त्यांनी हात जोडले. मरताना तरी मी मी असावं एवढंच हवं होतं, म्हणाले. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. बाकीच्या वस्तूंनी माणूस फक्त वाकतो. कवळी तोंडात गेली की तो संपतो, कारण मग बोलतात ते थोरले. काहीही झालं तरी कवळी घालू नका, जावईबापू.

तिथूनच पळून जायचं ठरवलं. बस स्टॉपच्या दिशेने चालू लागलो. पायांत तेच जोडे. भानावर आलो तेव्हा चाकावर बसलेलो होतो आणि हातात खाटकाचा सुरा होता.

५ एप्रिल

जोडे निघत नाहीत. ओढले की कातडीच ओढल्यासारखं होतं.

समोरचा दात हलतोय. डेंटिस्ट दोनच दुकानं सोडून आहे, तिथपर्यंत पाय जाऊ देतात. त्याने सगळे दात ठोकून पाहिले. हिरड्या निरोगी, कीड नाही, आणि तरी सगळेच हलतायत. असं कधी पाहिलं नाही म्हणाला. मग उगाच मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

घरी आलो तर माझ्या ताटाशेजारी एक वाटी. पाण्यात कवळी. सासूबाई वाढत होत्या. घाई नाही, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या.

८ एप्रिल

आज ही बोलली. खूप रडली आधी. तिला माहीत होतं. नीट माहीत नव्हतं, पण वडील कधी वडिलांसारखे वागलेच नाहीत, मांडीवर घेतलं नाही, आईला मात्र सारखं बाळ बाळ करायचे, एवढं लहानपणापासून दिसत होतं. माझ्याशी लग्न करून दूर गेली ती त्यासाठीच. मग कशाला आणलंस मला इथे, असं विचारलं. आपण रस्त्यावर आलो असतो, आणि आईने शपथेवर सांगितलं होतं की या वेळी फक्त कप देईन, म्हणाली.

मी रागावायला हवं होतं. माझा हात तिच्या डोक्यावरून फिरला. आजोबा नातीला थोपटतात तसा. तीही ते समजली. हात झटकून उठून गेली.

मला ती बायको म्हणून हवी आहे. हे लिहून ठेवतो. मला ती बायको म्हणून हवी आहे.

११ एप्रिल

चार दात पडले. सूप पितो. भाकरीचा तुकडा नाही, पाव नाही. आयुष्यभर लोकांच्या दारी पाव पोचवले —

ताईला फोन लावला. शब्द फसफसत होते पण तिला कळलं. नेहमी कळतं तिला. रविवारी येते, दोन धपाटे घालून तुला गाडीत कोंबते, म्हणाली. जोडे निघत नसतील तर जोड्यांसकट उचलून नेईन म्हणाली. लहान मूल असल्यासारखा रडलो.

रविवारपर्यंत टिकायचं. कवळी घालायची नाही. बास.

१३ एप्रिल

सासरेबुवा गेले. दुपारी, पाठीला बॅग, माझे शूज. बंदराकडे जातो म्हणाले. मला मिठी मारली. मी नाही मारली.

सासूबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. इतक्या वर्षांचा संसार —

माझ्यासमोर ठेवणीतलं छोटं स्टूल ओढून बसल्या आणि वेणी घालून द्या म्हणाल्या. पांढरे केस. बोटांना वेणी येते. मला कधी येत नव्हती.

१४ एप्रिल

एकही दात उरला नाही. आरशात गाल बसलेला कोणी म्हातारा दिसतो.

मी बोलतो ते कोणालाच कळत नाही. फोन सापडत नाही. गिऱ्हाइकांशी सासूबाई बोलतात. वाटी आता चाकाशेजारी असते. पाणी रोज बदललेलं.

उद्या ताई. उद्या ताई.

१५ एप्रिल, सकाळ

ही जिन्यावर बसून आहे. तिला खुणेने सांगितलं, ताई आली की तू सांग, मी कोण ते. मान हलवली. हो म्हणाली. नक्की हो म्हणाली.

वाटीकडे बघत नाही. भूक — भुकेचं काही नाही.

गाडी थांबल्याचा आवाज —

१५ एप्रिल, दुपार

झालं ते असं.

ती काउंटरशी आली. मी चाकावर होतो, वाकलेला. सासूबाईंनी गोड आवाजात सांगितलं की जावई नोकरीसाठी गेलेत, कळवतील. ती हुज्जत घालत होती. लिहून दाखवावं तर वही वर राहिलेली, आणि जोडे चाकावरून उठू देईनात. मी हाका मारल्या. तोंडातून नुसती लाळ आणि फुसफुस. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं, जरा कीव करून. जिन्यावरून हिने तोंड उघडलं, पण सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ही पदर तोंडात कोंबून रडत बसली. आणि ती — ती दाराकडे वळली. पाठ दिसली तिची. एकच हाक मारायची होती. एक हाक मारून लगेच काढून टाकली असती. वाटी हाताशीच होती.

बसली. अगदी बरोबर बसली.

मी म्हणालो, बाई, जरा थांबा. आवाज स्वच्छ निघाला. फार दिवसांनी. ती थांबली, लगबगीने परत आली, फोनवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला. माझा भाऊ, तुम्ही पाहिलात का याला, म्हणून विचारत होती. फोटोत कोणी एक तरुण होता, सगळे दात दाखवून हसणारा. मी चष्मा पुसून नीट पाहिलं. नाही पाहिला, असं खरं तेच सांगितलं. काही धार लावायचं असलं तर द्या, असंही म्हणालो.

फार रडली बिचारी. प्रवासाने थकलेली होती. तिला पाणी द्यायला बाळला सांगितलं. बाळ आज खूश आहे, सकाळपासून गुणगुणते आहे. जिन्यावरची मुलगी का रडते ते मात्र कळत नाही.

बाई गेल्यावर कामाला बसलो. पण हात थांबतो. तिचा चेहरा ओळखीचा होता. तिला काहीतरी म्हणायचो मी. दोनच अक्षरं. ताप आला की म्हणायचो, अंधाराला घाबरलो की म्हणायचो. जिभेवर आहे, पण जीभ या दातांना लागते आणि —

तिला मी —