खिडकीपाशी धरलेलं पान

३ जून
देवाचं नाव घेऊन आज कामाला लागले. मॅट्रिक होऊन अठरा वर्षं झाली, आता तुला कोण खुर्ची देतंय, असं नणंदबाई म्हणाल्या होत्या. दिली की! हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथेच हे लिहिते.

जागा बालसंरक्षण कार्यालयाच्या वाचनकक्षात. खोली लख्ख, पूर्वेला भली मोठी खिडकी. ज्या मुलांना घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवावं लागतं, त्यांची प्रकरणं इथे लोकांना वाचायला ठेवतात. त्याआधी मुलाचं नाव, शाळा, पत्ता काळ्या शाईने बुजवायचा. ते माझं काम.

इथले जुने कारकून अण्णा. त्यांना विचारलं, एवढं लपवायचं तर दाखवायचंच कशाला? ते म्हणाले, मागे एक मूल कार्यालयाच्या हलगर्जीपणाने गेलं नि बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. झाकलं तर आपली पापं झाकली जातात, उघडलं तर मूल उघडं पडतं. मधे तुमचा कुंचला.

९ जून
हात बसला. रेघ आता भाताच्या शितावर ओढावी इतकी नेमकी येते. अण्णा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. जाताना बजावून गेले, शाई लावलेल्या पानाची झेरॉक्स काढा, ती वाचायला ठेवा, मूळ पान कपाटात. एका पानाला दोन कागद? माझ्याच्याने उधळपट्टी होत नाही. शाई वाळली की तेच पान फायलीला लावते. कार्यालयाच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, त्यांनी कागदाची बचत बघून शाबासकी दिली. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, बुडतं सरकार तू तारलंस.

१४ जून
एक गृहस्थ रोज येतात. इस्त्रीचा सदरा, मऊ बोलणं. एकच फाईल मागतात. सात वर्षांची मुलगी, बापाच्या मारातून सोडवलेली. बापाला तिचा ठावठिकाणा कळू नये, असा हुकूम पहिल्याच पानावर आहे. हे गृहस्थ म्हणाले, सरकार अशा मुलांचं काय करतं, ते लोकांना कळायला नको का? पटलं मला. त्यांना खिडकीजवळची उजेडाची खुर्ची दिली.

१७ जून
आज ते बसले नाहीत. उभ्याने वाचत होते, पान खिडकीच्या काचेला टेकवून. डोळे अधू असतील, म्हटलं. वहीत काहीतरी उतरवलं. जाताना थांबून म्हणाले, “ताई, तुमचं काम फार स्वच्छ आहे.”

का कोण जाणे, अंगावर काटा आला. जपाला बसले तरी मन लागेना.

१८ जून
ते आले नाहीत.

मीच ते पान काचेला लावलं. उन्हात शाई पातळ झाली. खाली टंकलेली अक्षरं, एकेक. मुलीचं नाव. शाळा. नव्या आईचा पत्ता, फोन. सगळं.

झेरॉक्स त्यासाठी होती.

हजेरीच्या वहीत त्यांची सही पाहिली. आडनाव मुलीचंच.

मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले. मागे फिरले. खुर्ची जाईल, नणंदबाई हसतील. उद्या सांगते. देवा, एकच दिवस.

१९ जून
आल्या आल्या सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. पांढऱ्याफटक झाल्या, तेच वाईट. पोलिसांना कळवलं, स्वतः गाडी घेऊन निघाल्या. रस्ता तासाभराचा. मला म्हणाल्या, तोवर त्या घरी फोन लावत राहा, कुणी उचललं तर दार उघडू नका म्हणून सांगा.

साडेदहा. उचलत नाहीत.

शाळेत विचारलं. मुलगी आज आली नाही. कालही—

काल. मी दारातून मागे फिरले तेव्हा—

पुन्हा लावला. वाजतोय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय, लिहिताना जरा—

उचलला. कुणी बोलत नाही. नुसता श्वास, लहान.

मुलगीच. नवी आई कुठे, विचारलं. झोपलीय म्हणते. कालपासून. हलवलं तरी उठत नाही—

दार लाव म्हटलं बाळा, आतून कडी— म्हणते, लावलीय. बाबांनी—

आता अगदी हळू—

“बाबा विचारताहेत, कोण बोलतंय?”

मी माझं नाव—