ऑस्करसाठी दहा सनफिश

२८ जून
माझ्या बायकोच्या, लोर्नाच्या वडिलांनी जेवण सोडलं आहे. ऑस्कर, वय शहाऐंशी. वृद्धाश्रमातली नर्स रोबर्टा म्हणाली, चमचा तोंडाशी नेला की भिंतीकडे वळतात. मी विचारलं, बाबा, खाणार तरी काय? म्हणाले, सनफिश, तो गोड्या पाण्यातला छोटा चपटा मासा. मक्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेला. आणि तो आपल्या लिटल केटल तळ्यातला, दुकानातला नको.
सगळ्यांसमोर मी शब्द दिला. सत्तावीस जुलैला त्यांचा वाढदिवस. त्याआधी तळहाताएवढे दहा सनफिश, मी स्वतः धरलेले.
लोर्ना म्हणाली, दहा कशाला? एक पुरे. बायकांना आकड्यांचं महत्त्व कळत नाही.
मी चालवतो ती शाळेची बस ऑगस्टअखेरपर्यंत बंद. वेळच वेळ. देव योग्य माणूस योग्य वेळी मोकळा ठेवतो.

१ जुलै, सोमवार. पहाटे ५
दक्षिणेची खाडी, लव्हाळ्यांच्या कडेला. चार फूट पाणी. जूनमध्ये इथे दर वर्षी भरभरून मिळतात. तीन दिवसांत महिना बदलला म्हणून मासे काही कॅलेंडर बघत नाहीत.
दुपारी १२. शून्य. गरमी फार.
आज वृद्धाश्रमात बाबांचं वजन केलं. एकशे एकतीस पौंड. उन्हाळ्यात सगळ्यांचंच घटतं.

४ जुलै
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. तळ्यावर मोटारबोटींचा धुडगूस. एक सनफिश, अंगठ्याएवढा. सोडून दिला. सुरुवात झाली म्हणायची.

७ जुलै, रविवार
आजच्या उपदेशात रात्रभर जाळं टाकून रिकामे परतलेल्या कोळ्यांची गोष्ट होती. काठावरून सांगणाऱ्या प्रभूचं त्यांनी ऐकलं आणि जाळं ओढवेना इतके मासे मिळाले. मन भरून आलं.
नंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना शेजारचा डेल्मर जवळ आला. मासे धरायला कुठे बसतोस, असं त्याने विचारलं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. पगार विचारल्यासारखं होतं ते. पण तो आपणहून म्हणाला, व्हर्नर, लव्हाळ्यात आता काही उरलं नाही रे. उत्तरेच्या टोकाला जा. पाणगवत संपतं ना, त्या कडेवर. वीस फूट पाणी. गळाला जळू लाव, गांडूळ नको.
इतका गोड बोलला की मी सावध झालो. पंचवीस वर्षं त्याच तळघरात कॉफी पितो आहे, स्वतःची जागा खरी सांगणारा माणूस अजून पाहिला नाही. मी तरी कुठे सांगतो? म्हणजे उत्तरेला काही नाही. डेल्मरला दक्षिणेची खाडी मोकळी हवी आहे.
काठावरून सांगणारा प्रत्येक जण प्रभू नसतो.

८ जुलै, सोमवार
एकशे पंचवीस.
बाबांनी विचारलं, काय जावईबापू, होडी कुठे लावता? पलीकडच्या खाटेवर इंगवाल्ड होता. तोही जुना मासेमार. डोळे मिटलेले, पण कान उघडे. मी मोठ्याने सांगितलं, उत्तरेच्या टोकाला, पाणगवताच्या कडेवर, खोल पाण्यात.
बाबा उशीवरून उठून बसले. म्हणाले, शाबास! जुलैत तीच जागा. हलू नकोस तिथून.
बाहेर आल्यावर वाईट वाटलं. साठ वर्षं त्या तळ्यावर काढलेला माणूस, आणि आता एवढंही कळू नये. वय कुणाला सोडत नाही.

१३ जुलै
पाचव्यांदा दक्षिणेची खाडी. पाणी हिरवं झालं आहे, भिंतीला रंग द्यावा तसं. वल्ह्याला चिकटतं. धक्क्यावर पाटी लावली आहे: विषारी शेवाळ, कुत्र्यांना पाण्यात सोडू नका. माझ्याकडे कुत्रा नाही.
लून पक्ष्यांची जोडी दिसली नाही. त्यांचं ओरडणं नसलं की तळ्यावर आपलाच श्वास ऐकू येतो. चांगलं आहे. मासे शांततेत गळ धरतात.
शून्य.

१५ जुलै, सोमवार
एकशे एकोणीस.
कॉफीच्या घोटाला बाबांना ठसका लागला. बराच वेळ थांबेना. चेहरा निळा झाला. रोबर्टाने पाठीवर थापटलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिथला एसी फार थंड ठेवतात.
परतल्यावर पाहतो तर डेल्मर दारात. हातात फ्रीझरमधलं पाकीट. म्हणाला, गेल्या आठवड्यातले आहेत, आठ. लिटल केटलचेच. ने म्हाताऱ्याला, मी कुणाला बोलणार नाही.
मी आभार मानून परत केलं. लोर्ना म्हणाली, वेडा आहेस का? तळ्यातलेच आहेत ना ते? मी तिला शांतपणे समजावलं, देवासमोर दिलेला शब्द फ्रीझरमधून काढता येत नाही. ती म्हणाली, शब्द तू माझ्या वडिलांना दिलास, देवाला नाही.
डेल्मर जाताना म्हणाला, अजून लव्हाळ्यातच आहेस ना? तुझ्या बुटांचा वासच सांगतो.
बूट धुतले.

२० जुलै
खाडीत मासे वर आले आहेत! सकाळी धुक्यात आधी कळलंच नाही. पांढरी पोटं, शंभरेक तरी, लव्हाळ्यात अडकून हळूहळू हलताहेत. वर दोन गिधाडं.
नाक धरून तीन तास बसलो. एक सिद्ध झालं: या खाडीत मासे आहेत. डेल्मर खोटा पडला.
जिवंत: शून्य.
प्रार्थना केली. देवा, मी माझ्यासाठी मागत नाही. मग वाटलं, खरंच नाही का? पण तेवढ्यात गळाचं तरंगतं बूच हललं. पाहिलं तर एक मेलेला मासा त्याला टेकला होता.

२२ जुलै, सोमवार
एकशे चौदा.
चार वाजता रोबर्टा घरच्यांशी बोलणार होती. लोर्ना एकटी गेली. नवी गांडुळं संपायच्या आत मला दुकान गाठायचं होतं. लोर्ना परत आली ती गाडीतच बसून राहिली, काचा बंद करून. आत आल्यावर म्हणाली, व्हर्नर, बोलायचंय. मी म्हटलं, मासे मिळाले की सगळं बोलू. तिने गाडीची किल्ली खुंटीला लावली. मग म्हणाली, बरं.
समजूतदार आहे.

२५ जुलै
लगेच लिहून ठेवतो.
खाडीत नांगर टाकला तर दोर कुजलेला, तुटला. दक्षिणेचा वारा सुटला होता. मोटर सुरू होईना. होडी आपोआप वाहत निघाली, अख्खं तळं ओलांडून. मी वल्ही आत घेतली आणि डोळे मिटले. उत्तरेच्या टोकाला होडी पाणगवतात अडकून थांबली. पलीकडे पाणी काळंभोर, स्वच्छ.
थांबलोच आहोत तर म्हणून गळ सोडला. दोरी खाली जातच राहिली. मग हिसका.
चाळीस मिनिटांत दहा. तळहाताएवढे, पोटाशी नारिंगी. अकरावा आला तो सोडून दिला. शब्द म्हणजे शब्द.
ही जागा मला देवाने दाखवली. डेल्मरचा यात काही संबंध नाही. धक्क्यावर त्याने बादलीत पाहिलं आणि टोपी काढली. हरला.

२६ जुलै
सकाळी लोर्नाने मासे तळले. मक्याचं पीठ, लोणी, चिमूटभर मीठ. ताटावर कागद झाकून दोघं निघालो. वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात वास पसरला तशी दारादारांतून म्हातारी डोकी बाहेर आली. मी ताठ चालत होतो.
रोबर्टा दारात आडवी आली. म्हणाली, लोर्नाने तुम्हाला सांगितलं नाही? सोमवारपासून त्यांना फक्त पातळ पदार्थ देतोय, तेही घशातून हळू उतरावेत म्हणून घट्टसर करून. घास फुप्फुसात जातो. एक काटा जरी गेला तरी... तीन आठवड्यांपूर्वी आणले असतेत तर आनंदाने दिले असते.
मी लोर्नाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.
तरी ताट बाबांच्या मांडीवर ठेवलं. निदान बघू देत. त्यांनी वाकून वास घेतला. बराच वेळ. बोटाने एकेक करून मोजले. दहा. ओठांवरून जीभ फिरवली. रोबर्टाने त्यांचा हात हलकेच बाजूला घेतला.
म्हणाले, कुठे मिळाले?
पलीकडे इंगवाल्डचे कान होते. तरी मी खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. उत्तरेच्या टोकाला, बाबा. पाणगवताच्या कडेवर, खोल पाण्यात.
ते म्हणाले, ते ठाऊक आहे रे. तू महिनाभर तिथेच बसत होतास ना? मग इतके दिवस का लागले?