मुलाला मत न देणाऱ्या काचवालीचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, काचेच्या दुकानाची मालकीण, सगळ्या गल्लीची काचवाली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे येऊन गेले, त्यांची हकीकत खाली येईलच.

१. दुकान, कापायचे टेबल आणि काच कापायच्या हिरकण्या मुलीला द्याव्यात. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. आज शाळेच्या आणि दवाखान्याच्या सगळ्या खिडक्या माझ्या हातच्या आहेत.

२. दुकानावरची खोली आमच्या सभेला द्यावी. आम्ही क्रिस्ताडेल्फियन, ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. आमच्यात पाद्री नाही. भाऊबहिणी रविवारी जमतो, शास्त्र वाचतो, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर मोडतो. ख्रिस्त परत येऊन याच पृथ्वीवर राज्य करणार, हा आमचा विश्वास. म्हणून आम्ही मत देत नाही, निवडणुकीला उभे राहत नाही, हत्यार धरत नाही. कायदा पाळतो आणि कर वेळेवर भरतो. या खोलीत कोणत्याही पक्षाची बैठक होऊ नये.

३. राहते घर मुलाला द्यावे. तो नगरसेवक आहे. यावर सभेतले काही जण भुवया उंचावतील, म्हणून खुलासा करते.

तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सभेतले थोरले बंधू मला म्हणाले, "त्याला घराबाहेर काढ." मी म्हटले, "दादा, बाप्तिस्मा माझा झालाय, त्याचा नाही. आपल्याकडे तो जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने घ्यायचा असतो ना? मग त्याला ढकलून आत आणणार का?"

मतदानाच्या दिवशी मुलाच्या पक्षाचा सेक्रेटरी गाडी घेऊन दारात आला. "मावशी, चला. पोटच्या पोराला तरी मत द्याल ना?"

"पोराला हवं ते देईन. मत माझ्या राजाचं आहे."

निकालाच्या संध्याकाळी सेक्रेटरीच्या माणसांनी दुकानाची दर्शनी काच फोडली. मी काचा गोळा करत होते, तेवढ्यात मुलगा आला. गळ्यात हार तसाच होता. तो निवडून आला होता. त्याने हार काढून बाजूला ठेवला, माझ्या हातातला झाडू घेतला आणि भर रस्त्यात सेक्रेटरीला सुनावले, "मत मागायला मी लोकांच्या दारात जातो. आईच्या दारात जेवायला येतो. पुन्हा इकडे दगड आला तर राजीनामा तुझ्या हातात देईन."

मी आयुष्यात एकदाही मत दिले नाही, याचा मला अभिमान आहे. त्या संध्याकाळी झाडू मारणारा माझा मुलगा होता, याचाही तितकाच आहे. दोन्ही अभिमान एका छातीत मावतात. कोणाला पटत नसेल तर त्याने माझी छाती मोजू नये.

४. सेक्रेटरीला मी माफ केले आहे. त्याला माझ्या शवपेटीला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा. फक्त त्याला मागे ठेवावे, म्हणजे तो भाषण करणार नाही.

५. मला साध्या पेटीत पुरावे. झेंडा नको, घोषणा नकोत. "आकाशातून बघते आहे" असेही कोणी म्हणू नये. मी झोपलेली असेन, राजा उठवीपर्यंत.

६. मुलासाठी एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर तो ती थट्टा समजेल. गेल्या महिन्यात जेवताना त्याने विचारले, "आई, तुझा राजा आला, तर माझं काय होणार?"

मी म्हटले, "तुझी नगरपालिका बरखास्त होईल."

तो हसला. मी हसले नाही. "पण गल्लीत नळाला पाणी कसं आणायचं, हे तुला कळतं. ते तू लाच न घेता केलंस. माणसं राजालाही लागतीलच. तू फक्त वेळेत अर्ज कर."

त्याने घास खाली ठेवला आणि विचारले, "म्हणजे बाप्तिस्मा?" पुढचे त्याच्यावर सोपवून मी सही करते.

लिहून ठेवणार: काचवाली (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली; या मिळकतीत आमचा कसलाही हिस्सा नाही:
शेजारचे औषधवाले (सही)
समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका (सही)

स्थळ: दुकान, कापायच्या टेबलाशी
दिनांक: त्यानंतरच्या निवडणुकीच्या मतदानाचा दिवस, दुपारी, दुकान उघडे असताना